रोमन पानपात्रे : साहित्याची साक्ष आणि वस्तूंची साक्ष

बीजसंज्ञा : पानपात्र, उपहासकाव्य, बोस्कोरेआले, काचचषक, दासश्रम

प्रस्तावना :
प्राचीन रोमन समाजात मेजवानी ही केवळ खानपानाची बाब नव्हती. आसन, मद्य आणि पानपात्र यांवरून निमंत्रिताचा दर्जा सर्वांसमक्ष सूचित होत असे. या पानपात्रांची माहिती दोन साधनांतून मिळते : एक समकालीन ग्रंथ, दुसरे उत्खननात सापडलेले चषक. साहित्याचे अभ्यासक पहिल्या साधनावर, तर पुरातत्त्वाचे अभ्यासक दुसऱ्यावर विसंबतात. दोन्ही साक्षी समोरासमोर ठेवल्या, तरच प्रत्येकीचे मौन कोठे आहे हे लक्षात येते.

साहित्याची साक्ष :
इ.स.च्या दुसऱ्या शतकाच्या आरंभी लिहिणाऱ्या ज्युव्हेनलच्या पाचव्या उपहासकाव्यात यजमान विरो हा अंबर व वैडूर्य जडवलेल्या पात्रांतून मद्य पितो. आश्रित त्रेबिअसच्या हाती सोन्याचे पात्र सहसा दिलेच जात नाही. दिले तर रत्ने मोजणारा आणि त्याच्या नखांवर नजर ठेवणारा सेवक शेजारी उभा असतो. एरवी त्याच्या वाट्याला तडा गेलेला काचेचा पेला येतो. हे चित्र निव्वळ कविकल्पना म्हणून बाजूला सारता येत नाही. धाकट्या प्लिनीच्या एका पत्रात पाहुण्यांच्या दर्जानुसार तीन प्रकारचे मद्य वाढणाऱ्या यजमानाची निंदा आहे. तथापि या दोन्ही लेखकांची दृष्टी निमंत्रिताची आहे. ज्युव्हेनलला पाहुण्याचा अपमान दिसतो. रत्ने मोजण्यासाठी उभ्या केलेल्या सेवकाला स्वतःचे मन असेल, याची दखल तो घेत नाही.

वस्तूंची साक्ष :
इटलीतील बोस्कोरेआले येथे १८९५ मध्ये एका ग्रामीण वाड्याच्या अवशेषांत १०९ रौप्यवस्तूंचा साठा सापडला. इ.स. ७९ च्या व्हेसुव्हियसच्या उद्रेकात हा वाडा गाडला गेला होता. या साठ्यातील बहुतेक वस्तू आज पॅरिसच्या लूव्र संग्रहालयात आहेत. त्यांपैकी चषकांच्या एका जोडीवर मानवी सांगाडे कोरलेले असून त्यांना ग्रीक तत्त्वज्ञांची व कवींची नावे दिली आहेत. झेनो आणि एपिक्युरस हे परस्परविरोधी विचारवंत येथे सांगाड्यांच्या रूपात एकमेकांसमोर उभे आहेत. पेट्रोनिअसच्या ‘सॅटिरिकॉन’मध्ये त्रिमाल्किओच्या मेजवानीत चांदीचा सांगाडा आणला जातो, तेव्हा तो नवश्रीमंताच्या असंस्कृतपणाचा नमुना ठरतो. बोस्कोरेआलेच्या चषकांवर मात्र तीच कल्पना मृत्यू, सुख आणि विद्वत्ता यांवरचे मार्मिक भाष्य होते. श्रीमंतांच्या अभिरुचीविषयी उपहासकारांनी दिलेला निवाडा अंतिम मानता येत नाही, तो यामुळेच.

मात्र रौप्यचषक हे सर्वसामान्यांचे पानपात्र नव्हते. इ.स.पू. पहिल्या शतकात पूर्व भूमध्यसागरी प्रदेशात काच फुंकण्याचे तंत्र विकसित झाले आणि काच स्वस्त झाली. रोममध्ये काचेचा पेला तांब्याच्या एका नाण्याला मिळतो, अशी नोंद स्ट्रॅबोने केली आहे. त्रेबिअसच्या फुटक्या पेल्यातील बोचरेपणा या पार्श्वभूमीवर अधिक स्पष्ट होतो. त्याच सुमाराचा काचकार एन्निओन साच्यात फुंकलेल्या चषकांवर स्वतःचे नाव घालत असे. काही चषकांवर विकत घेणाऱ्याचीही आठवण राहो, अशा आशयाचा मजकूर आहे. आरेत्सो येथील तांबड्या झिलईच्या मृत्पात्रांवर पेरेन्निअससारख्या कार्यशाळामालकाच्या नावाशेजारी दास कारागिराचे नाव उमटलेले आढळते. दक्षिण फ्रान्समधील ला ग्रोफसांक येथे कुंभारांनी थाळ्यांवर कोरलेल्या नोंदींवरून एकेका भट्टीत हजारो भांडी भाजली जात, हे कळते.

चिकित्सा :
दोन्ही साधनांच्या मर्यादा येथे उघड होतात. चषक कितीही बारकाईने तपासला, तरी तो कोणाच्या हाती दिला जात नव्हता हे त्यावरून कळत नाही. ते ज्युव्हेनल सांगतो. उलट चषक घडवणाऱ्या दासाचे नाव ज्युव्हेनलच्या मेजवानीत येत नाही. ते मातीवरील ठशात टिकले आहे. संग्रहालयांत चांदी दर्शनी मांडली जाते आणि ठसे सूचीपुरते उरतात. यामुळे रोमन कलेचे मूल्यमापन बाळगणाऱ्याच्या बाजूला झुकते, घडवणारा व वाढणारा दृष्टीआड होतात.

निष्कर्ष :
रोमन पानपात्र हे विषमतेचे साधन होते आणि तिचा पुरावाही आहे. त्याचा अर्थ केवळ सौंदर्यदृष्टीने किंवा केवळ उपहासकाव्याच्या आधारे लावणे अपुरे ठरते. चषक कोणी घडवला, कोणी भरला, कोण प्याला आणि कोणाला तो नाकारला गेला, हे चार प्रश्न एकत्र विचारले, तरच त्याचे वाचन पूर्णत्वाला जाईल. साहित्य आणि पुरातत्त्व या विद्याशाखांना त्यासाठी परस्परांच्या साधनांची गरज आहे.