राघोबादादांच्या स्वारीचें कर्ज

नाशिकच्या पश्चिमेस गोदातीरीं आनंदवल्ली हें गांव आहे. राघोबादादांचें वास्तव्य येथें असल्यामुळें त्यांचें नांव निघतांच गृहकलह व आनंदीबाई यांचीच चर्चा सुरू होते, आणि स्वारीखर्चाचा प्रश्न मागें राहतो.

इ. स. १७५८ त दादांची फौज लाहोरास पोंचली. या मोहिमेंतून द्रव्य येण्याऐवजीं सुमारें ८० लाखांचें कर्ज मात्र झालें, सदाशिवरावभाऊंनीं त्याचा जाब विचारला, आणि पुढल्या स्वारीस तुम्हीच जा असें दादांनीं सुनावलें, ही हकीकत ग्रँट डफनें आपल्या १८२६ च्या इतिहासांत दिली आहे. मागाहून पुष्कळांनीं ती चुलतभावांचा मत्सर म्हणून रंगविली. आमच्या मतें हें वाचन चुकीचें आहे. भाऊ दौलतीचा कारभार पाहत होते. हिशेब मागणें हें त्यांचें कामच होतें. मत्सर असेलही, पण त्यानें ८० लाखांचा उलगडा होत नाहीं.

खरा प्रश्न, जाब कर्ज झाल्यावरच कां, हा आहे. तपासणीची सोय नव्हती असें नाहीं. दिवाण, मुजुमदार, फडणीस, सबनीस आदि दरकदार हुजुरांतून नेमले जात. सरदारास त्यांना परभारें काढतां येत नसे. परंतु फौज शेंकडों कोस दूर, शिपायांचा पगार तुंबलेला, अशा वेळीं सावकाराचें दार ठोठावण्यापूर्वीं पुण्याची मंजुरी कोण आणणार? एका कामाची रक्कम दुसरीकडे लागली तरी दफ्तरास तें मागाहूनच कळणार. शिवाय येथें सेनापति हा प्रत्यक्ष पेशव्यांचा भाऊ. त्याच्यापुढें दरकदाराची ती काय मात्रा!

इंग्रजी अमलांत गोखल्यांनीं १९०२ पासून वरिष्ठ कायदेकौंसिलांत लष्करी खर्चावर कडक टीका केली, पण अंदाजपत्रकावर मत देण्याचा अधिकार सभासदांस नव्हता. १९१९ च्या कायद्यानेंही लष्करी खर्च मतापलीकडेच ठेविला. विधिमंडळाच्या कायद्यावांचून संचित निधींतून रक्कम काढूं नये, हा दंडक १९५० च्या राज्यघटनेनें घातला. म्हणजे मंजुरी आधीं, खर्च मागून.

संग्राहकांस विनंति इतकीच कीं, स्वारीचे ताळेबंद व कर्जरोखे रुक्ष म्हणून बाजूस टाकूं नयेत. रोख्याची मिति व हुजूरच्या मंजुरीची मिति जवळजवळ ठेवून पाहावी. कोणती आधींची, तें त्या कागदांतच लिहिलेलें असतें.