प्रामाण्य आणि आदर

धर्मग्रंथ कोणता आणि नुसता ग्रंथ कोणता, हे ठरवितो कोण? पंडितांची सभा भरते आणि निर्णय होतो, अशी सर्वसाधारण समजूत आहे. महानुभाव पंथाच्या वाङ्मयापुढे ती टिकत नाही, असे आम्हांस वाटते.

श्रीचक्रधरांनी स्वतः ग्रंथ लिहिला नाही. त्यांच्यामागे म्हाइंभटांनी प्रत्यक्ष ऐकणाऱ्या-पाहणाऱ्यांना गाठून आठवणी मिळविल्या व ‘लीळाचरित्र’ सिद्ध केले. केशिराजांनी त्यांतील श्रीचक्रधरांची वचने निवडून ‘सूत्रपाठ’ रचिला. निवडीला आरंभ झाला तो येथे. पुढे पंथाने प्रामाण्याच्या पायऱ्या बांधल्या. श्रीचक्रधरांचे वचन ती श्रुती, नागदेवाचार्यांचे बोल ती स्मृती, आणि त्यांच्या मागून आलेल्या वडिलांचे आचरण तो वृद्धाचार. शब्द वैदिकांचे, पण त्यांत बसविली मराठी वचने! केशिराज संस्कृतात रचना करू लागले, तेव्हा अशाने पंथातील साध्या बाया ज्ञानास मुकतील म्हणून नागदेवाचार्यांनी त्यांना परावृत्त केले, अशी आठवण ‘स्मृतिस्थळा’त आहे. ग्रंथ ज्यांच्यासाठी, त्यांस तो कळला पाहिजे, ही कसोटी त्यांनी लाविली.

आता काव्यांकडे पाहू. भास्करभट्ट बोरीकरांनी ‘शिशुपाळवध’ रचिला, तेव्हा एका गुरुबंधूने काव्याची वाखाणणी केली; पण ते शृंगाराकडे झुकलेले असल्याने विरक्तांच्या उपयोगाचे नाही, असेही सांगितले. कवीने मग ‘उद्धवगीता’ लिहिली, असे परंपरा सांगते. लक्षात घेण्याजोगे हे की, पुढे पंथाने ‘साती ग्रंथां’त दोन्ही काव्यांना स्थान दिले. आक्षेप विसरला नाही, ग्रंथही टाकला नाही. प्रामाण्य सूत्रांना, आदर काव्यांना, असा हा विवेक आहे.

आमच्या वाङ्मयेतिहासकारांनी हा विवेक पुरता ओळखला नाही. त्यांनी साती ग्रंथ काव्यगुणांनी तोलले आणि ‘सूत्रपाठ’ जुन्या गद्याचा मासला म्हणून नोंदविला. दोष त्यांचाच नव्हे. आम्हीही वर्गात अनेक वर्षे ही वचने जुनी विभक्तिरूपे दाखविण्यापुरतीच शिकविली. ज्या वाक्यावर कोणी आपला जन्म ओवाळून टाकला, त्यातून विद्यार्थ्याने प्रत्यय तेवढा शोधावा, हे शिकविणे अपुरे होय.

पंथाच्या पद्धतीलाही एक उणी बाजू आहे. ग्रंथ जपण्यासाठी ते सकळ लिपीसारख्या सांकेतिक लिप्यांत ठेविले गेले. पाठ जपला, पण विसाव्या शतकाच्या आरंभी वि. का. राजवाडे यांनी ती लिपी उलगडीपर्यंत पंथाबाहेरचा मराठी वाचक त्यास मुकला. जी कसोटी बायाबापड्यांसाठी लाविली, ती शेजाऱ्यांसाठी लाविली गेली नाही.

तेव्हा अध्यापकांना आमचे सांगणे एवढेच : असा ग्रंथ शिकविताना तो कोणी, कशासाठी निवडला व कोठल्या पायरीवर ठेविला, हे आधी सांगावे. प्रत्यय मागाहून पाहता येतील.