चा-चा-चा : सोपं आणि उथळ

आजच्या विषयाला नाकं मुरडणारे या सभागृहात दोन-चार जण तरी असणार. तत्त्वज्ञानाचा माणूस आणि चा-चा-चा? (हशा) पण ‘सोपं ते उथळ’ हा आपला एक जुना समज आहे. तो तपासून बघायला याहून चांगलं उदाहरण मला सापडलं नाही.

नृत्याच्या पुस्तकांत चा-चा-चाची ओळख बहुधा अशी असते : माम्बो अवघड पडायचा, म्हणून त्याची सोपी आवृत्ती काढली. वाक्य खोटं नाही, पण त्यातला सूर मला पटत नाही. जणू मोठ्यांच्या ताटातलं थोडं मऊ करून मुलांना वाढलं!

जरा मागे जाऊ. क्यूबामध्ये ‘दान्सोन’ नावाचा नाच होता. मातान्सास शहरात मिगेल फाइल्दे याने १८७९ साली सादर केलेली रचना ही त्याची सुरुवात मानतात. मूळ घाट युरोपातल्या समूहनृत्यांचा, आणि आतली लय आफ्रिकेतून गुलाम म्हणून आणलेल्या लोकांची. गुलामगिरी तिथे कायद्याने संपली १८८६ साली. म्हणजे हा नाच जन्मला तेव्हा ती चालूच होती, हे विसरू नका. प्रतिष्ठितांनी त्याला अश्लील ठरवलं, आणि पुढे त्याच प्रतिष्ठितांनी तो राष्ट्रीय म्हणून मिरवला. आपल्याकडे लावणीचं काय झालं ते तुम्हाला मी सांगायला नको.

या दान्सोनच्या शेवटच्या भागात १९३८ च्या सुमाराला ओरेस्तेस लोपेस याने एक मोकळी, उसळती लय आणली. तिचं नाव माम्बो. लोपेस होता अंतोनिओ आर्कान्योच्या वाद्यवृंदात. बासरी, व्हायोलिनं, पियानो आणि ‘ग्विरो’ म्हणजे खाचा पाडलेला वाळका भोपळा, जो काडीने खरवडतात, असा त्या वृंदांचा थाट. याच वृंदात पुढे एन्रिके होर्रिन नावाचा तरुण व्हायोलिनवादक आला. नंतर तो ‘ओर्केस्ता आमेरिका’ या वृंदात गेला.

होर्रिनचं वेगळेपण असं की हा माणूस वाजवता वाजवता खाली बघायचा. नाचणाऱ्यांच्या पायांकडे! माम्बोतले आघात मात्रेच्या अलीकडे-पलीकडे पडतात, आणि लोक तिथे अडखळतात, हे त्याने पाहिलं. मग त्याने काय केलं, तर चाल मात्रेवर आणली, गुंतागुंत कमी केली आणि वादकांनाच एका सुरात गायला लावलं. ‘ला एंगान्यादोरा’ हे त्याचं गाणं १९५३ साली ध्वनिमुद्रित झालं. नावाचा अर्थ ‘फसवणारी’. गाण्यातल्या बाईचा बांधा सगळा भरीव कापसाचा निघतो. (हशा) विषय एवढाच, पण चालीची आखणी अतिशय काटेकोर.

आता गंमत बघा. चाल मोकळी झाल्यावर लोकांनी त्या मोकळ्या जागेत स्वतःची एक भर घातली : तीन झटपट पावलं. हवानाच्या ‘सिल्व्हर स्टार’ क्लबात फरशीवर घासणाऱ्या त्या पायांचा आवाज होर्रिनला ‘चा-चा-चा’ असा ऐकू आला आणि नाव पडलं, असं तो स्वतः सांगायचा. नावाच्या उगमाबद्दल दुसऱ्या कथाही आहेत. मला मात्र हीच महत्त्वाची वाटते, कारण तिच्यात रचनाकार ऐकणारा आहे आणि श्रोते वाजवणारे.

कॉलिंगवूड या ब्रिटिश तत्त्वज्ञाचा कलाविचारावरचा ग्रंथ १९३८ चा, म्हणजे माम्बोच्याच वर्षाचा! प्रेक्षक हा कलाकृतीतला सहकारी असतो, असं तो शेवटी मांडतो. वर्गात हे शिकवताना उदाहरण देणं कठीण जायचं. नाटकाचं द्यावं तर मुलं म्हणत, टाळ्या वाजवणं म्हणजे काय सहकार्य? इथे तर प्रेक्षकाने पायाने रचना पुरी केली.

आणि ती कशी पुरी केली तेही बघू. चार मात्रांत पाच पावलं. दुसऱ्या मात्रेला डावा पाय पुढे, तिसरीला भार परत उजव्यावर. मग चौथी मात्रा, तिच्यापुढची अर्धी आणि पुढच्या आवर्तनाची पहिली, यांवर ती तीन पावलं : बाजूला, जवळ, बाजूला. म्हणजे तिसरा ‘चा’ येतो तो एकवर. आपल्या भाषेत, समेवर! तिहाईचा शेवटचा घाव समेवर पडला की जो आनंद होतो, त्याच जातीचं हे सुख आहे. क्यूबाचा आणि आपल्या तबल्याचा संबंध आहे, असं मी म्हणत नाही हं. कान मात्र दोन्हीकडे त्याच जागी सुखावतो.

माझी खरी तक्रार पुढच्या प्रवासाबद्दल आहे. मस्य्यो पिएर या नृत्यशिक्षकाने क्यूबात जाऊन निरीक्षण केलं आणि इंग्लंडमध्ये दुसऱ्या मात्रेपासूनच नाच शिकवला. स्पर्धांमध्ये तो हिशेब टिकला, हे श्रेय द्यायला हवं. पण झटपट वर्गांमध्ये ‘एक, दोन, चा-चा-चा’ असं मोजणं रूढ झालं. पावलं तीच, पण समेवर उतरणं गेलं. अमेरिकेत तर नावातला एक ‘चा’सुद्धा गळला. होर्रिनने जे केलं ते सुलभीकरण, आणि हे जे झालं ते कातरकाम. एकाने लोकांचे पाय ऐकून वाट मोकळी केली, दुसऱ्याने शिकवायला बरं पडतं म्हणून गाभा काढला. दोघांनाही ‘सोपं केलं’ म्हणणं हा शब्दांचा आळस आहे.

हा नाच आपल्याकडेही पोचला. मुंबईच्या चित्रपट-वाद्यवृंदांत गोव्याचे वादक होते, लॅटिन ताल त्यांच्या हातात होते. चंद्रशेखर यांनी १९६४ साली ‘चा चा चा’ याच नावाचा हिंदी चित्रपट काढला, त्यात हेलन होत्या. तिन्ही ‘चा’ शाबूत! (हशा)

घरी करून बघायचं असेल, तर गाणं सुरू झाल्यावर लगेच उडी मारू नका. पहिल्या मात्रेला उजवा पाय नुसता बाजूला ठेवा आणि दुसरीची वाट पाहा. गुडघे दुखत असतील त्यांनी खुर्चीत बसून टाचेने केलं तरी चालेल, मी तसंच करतो. आता प्रश्न घेऊ.