‘नसीम’ : आजोबा आणि अहवाल

सईद अख्तर मिर्झा यांचा ‘नसीम’ (1995) मुंबईच्या दंगलीच्या उंबरठ्यावरचा चित्रपट आहे. जून ते 6 डिसेंबर 1992 या काळातले एक मुस्लिम घर त्यात दिसते. आपण पाकिस्तानात का गेलो नाही, या प्रश्नावर आजोबा आग्र्याच्या घरातल्या झाडाची आठवण काढतात. नसीमच्या आजीला ते झाड आवडायचे. कैफी आझमी ही भूमिका जगले आहेत. बाबरी मशीद पडते त्याच दिवशी आजोबा जातात. चित्रपट तिथेच थांबतो, हे मात्र खटकते. पुढच्या दंगलींतले 900 मृत्यू श्रीकृष्ण आयोगाच्या अहवालात नोंदले गेले. चिंचोटीच्या उर्दू वर्गात माझ्यासमोर नसीमच्या वयाच्या मुली बसतात. त्यांना झाडाची गोष्ट सांगावी आणि अहवालही वाचायला द्यावा.