जॅझमधील उपज आणि मुंबईचे गोमंतकीय वादक

जॅझ ऐकताना भारतीय श्रोत्याला ख्यालाची आठवण होते, आणि दोन्हींकडे उपज आहे एवढ्यावरून ही दोन संगीते सख्खी भावंडे ठरविली जातात. हे साम्य अगदीच खोटे नव्हे. परंतु मुंबईतील जॅझचा इतिहास त्याविरुद्ध साक्ष देतो.

१९३५ मध्ये लिऑन ॲबे यांचा कृष्णवर्णीय अमेरिकन वाद्यवृंद ताजमहाल हॉटेलात वाजवू लागला. त्यानंतर येथे ज्यांनी हे संगीत आत्मसात केले ते रागदारीत वाढलेले नव्हते. ते बहुतांशी गोमंतकातील ख्रिस्ती वादक होते. चर्चच्या संगीतशाळेत स्वरलेखन वाचीत त्यांचा हात तयार झाला होता. हळदोण्याचे अंतोनियो झेवियर वाझ, म्हणजेच ट्रंपेटवादक 'चिक चॉकलेट', हे त्यांतील अग्रणी. पाश्चात्त्य वाद्यांचा परिचय व हॉटेलांतील नोकरी ही कारणे येथे होतीच. तरीही एवढ्याने उलगडा होत नाही.

खरे कारण उपजेच्या स्वरूपात आहे. ख्यालगायकाच्या पाठीशी तंबोऱ्याचा षड्ज अचल असतो. जॅझच्या एकलवादकाच्या पायाखालची भूमीच सरकत असते. बारा किंवा बत्तीस मापांची, ज्यांना वादक 'कॉर्ड' म्हणतात अशा स्वरसमूहांची मालिका पुनःपुन्हा फिरते, आणि क्षणापूर्वी विसावलेला स्वर पुढच्या मापात अस्वस्थ होतो. कोलमन हॉकिन्स यांच्या 'बॉडी अँड सोल' या १९३९ च्या ध्वनिमुद्रणात मूळ चाल आरंभी जेमतेम सूचित होते. पुढे दोन आवर्तने केवळ तिचा स्वरसंवादाचा सांगाडा शिल्लक राहतो. ख्यालात मुखडा समेवर परततो. येथे चाल परतत नाही, तिचा पाया परततो. चार्ली पार्कर यांनी १९४५ मध्ये 'चेरोकी'च्या त्याच पायावर 'को-को' उभे केले. या पायाची जाण चर्चमधील बहुस्वरी गायनाने गोमंतकीय वादकाला आधीच दिली होती. लयीचा झोल व स्वराचा खरखरीतपणा मात्र कागदावर उतरत नाही. त्यासाठी ध्वनिमुद्रिका ऐकून थोरांचे वादन जसेच्या तसे गिरवावे लागते. ही तालीम आपल्या पलट्यांहून फार वेगळी नाही, आणि खरे साम्य असेल तर ते येथे.

चिक चॉकलेट यांनी सी. रामचंद्र यांच्याबरोबर काम केले. 'अलबेला' (१९५१) मध्ये ते पडद्यावरही दिसतात. रामचंद्रांनी जॅझचा नाद आणि ठेका मोठ्या रसिकतेने उचलला. परंतु चित्रपटगीतातील वाद्यखंड मोजून दिलेला असतो; त्याला दुसरे आवर्तन नाही, आणि पहिल्या आवर्तनात मांडलेल्याचे दुसऱ्यात काय होते यातच तर जॅझच्या एकलवादनाचा अर्थ असतो. त्या गीतांवरून या वादकांच्या उपजेचे मोजमाप करणे अन्यायाचे होय. हॉटेलातील त्यांचे वादन बहुतांशी त्या त्या रात्रीबरोबर विरून गेले.

१९५९ मध्ये माइल्स डेव्हिस यांच्या 'सो व्हॉट'ने ही सरकती भूमी जवळजवळ थांबविली: सोळा मापे एक स्वरसप्तक, आठ मापे तेच अर्धस्वर वर, मग आठ मापे पुन्हा पहिले. येथे राग प्रथमच खरोखर जवळ आला. पुढे गोव्याचे सॅक्सोफोनवादक ब्राझ गोन्साल्विस यांनी जॅझमध्ये रागांचा आधार घेतला. मात्र सप्तक म्हणजे राग नव्हे. सप्तकाबाहेर गेलेल्या जॅझवादकाला धाडसी म्हणतात. रागाबाहेर गेलेल्या गायकाचा राग भ्रष्ट झाला असे मानतात.