'हरिश्चंद्राची फॅक्टरी' आणि घरांतील यंत्रें

अलीकडे 'स्फूर्तिदायक' हें विशेषण फार स्वस्त झालें आहे. पुस्तक वाचून झालें कीं तें स्फूर्तिदायक, चित्रपट पाहून आलें कीं तो स्फूर्तिदायक, आणि बाजारांतून एखादें नवें उपकरण आणलें तर त्याच्या वेष्टनावरहि हाच शब्द छापलेला! एखाद्या कृतीनें आपणांस स्फूर्ति दिली असें म्हणतांना तिनें आपल्याकडून करविलें काय, हा प्रश्न मात्र कोणी कोणास विचारीत नाहीं. विचारलाच तर तो अरसिकपणाचा समजला जातो. डोळे पाणावले, छाती भरून आली, घरीं येऊन चहा घेतला, आणि दुसऱ्या दिवशीं सर्व व्यवहार यथापूर्व सुरू. ह्यासच जर स्फूर्ति म्हणावयाचें, तर जांभईस विश्रांति म्हणावयास कांहींच हरकत नाहीं.

म्हणूनच, एक चित्रपट पाहून ज्याच्या संसाराची घडी खरोखरच विसकटली, अशा गृहस्थाची हकीकत आम्हांस तपासून पाहण्यासारखी वाटते. धुंडिराज गोविंद फाळके यांचें नांव महाराष्ट्रांत कोणास ठाऊक नाहीं? परेश मोकाशी यांनीं 'हरिश्चंद्राची फॅक्टरी' ह्या आपल्या पहिल्याच चित्रपटांत ती हकीकत घेतली, आणि 2009 सालीं ऑस्कर पारितोषिकाच्या स्पर्धेसाठीं भारतातर्फें त्याची निवड झाली तेव्हां त्याचा बराच गाजावाजा झाला. तो गाजावाजा केव्हांच ओसरला आहे. चित्रपटाचें खरें मोल अशा निवांत वेळींच ठरवितां येतें. आम्ही तो परवां पुनः पाहिला, आणि त्यांतील कथानकापेक्षां त्यांतील यंत्रेंच मनांत अधिक घोळत राहिलीं.

मूळ गोष्ट थोडक्यांत अशी. 1911 च्या सुमारास गिरगांवांतील एका चित्रगृहांत फाळक्यांनीं ख्रिस्तचरित्रावरील चित्रपट पाहिला. पडद्यावर ख्रिस्त चालत असतां त्यांच्या मनश्चक्षूंपुढें राम-कृष्ण चालूं लागले. हें त्यांनीं स्वतःच पुढें 'नवयुग' मासिकांतील आपल्या लेखांत सांगितलें आहे. येथपर्यंतची हकीकत सर्वतोमुखीं आहे, आणि स्फूर्तीचे भोक्ते बहुधा येथेंच थांबतात. आमच्या मतें गोष्ट सुरू होते ती ह्यापुढें. फाळके त्या वेळीं चाळिशी ओलांडलेले होते. जे. जे. कलाशाळा, बडोद्याचें कलाभवन, छायाचित्रणाचा धंदा, राजा रविवर्मा यांच्या शिळाछापाचें काम, स्वतःचा छापखाना, मधून मधून जादूचे प्रयोग, इतके मुक्काम करून ते आले होते. आणि भागीदारांशीं न पटल्यामुळें छापखाना नुकताच सुटला होता. अशा माणसास पडद्यावरचा चमत्कार पाहून जो पहिला प्रश्न पडला, तो भक्ताचा नव्हता, कारागिराचा होता. हें हालतें कसें?

मग त्यांनीं एक साधा कॅमेरा मिळविला, चलच्चित्रविद्येच्या मुळाक्षरांचें एक इंग्रजी पुस्तक मिळविलें, आणि घरांत मेणबत्तीच्या उजेडांत भिंतीवर चित्रें पाडण्याचे प्रयोग आरंभिले. चित्रपटामागून चित्रपट पाहण्याचा सपाटा इतका चालला कीं, झोपेच्या अभावीं व डोळ्यांवरील ताणानें कांहीं काळ त्यांची दृष्टीच गेली. उपचारांनीं ती परत आली. विम्याच्या पॉलिसी गहाण पडल्या. 1912 च्या आरंभीं ते लंडनला गेले. 'बायोस्कोप' साप्ताहिकाचे संपादक केबर्न यांनीं त्यांची हेपवर्थ ह्या चित्रपटकाराशीं गांठ घालून दिली, आणि हेपवर्थनीं वॉल्टन येथील आपला कारखाना त्यांना मोकळेपणानें दाखविला. तेथें विल्यमसन कंपनीचा कॅमेरा व फितीस छिद्रें पाडण्याचें यंत्र यांची खरेदी करून ते परतले. इकडे आल्यावर सावकारास पटावें म्हणून त्यांनीं कुंडींत वाटाणा पेरला, त्याच्यासमोर कॅमेरा मांडला, आणि महिनाभर थोडीं थोडीं चित्रें घेऊन अंकुराचा वेल होतांना मिनिटभरांत दाखविला. कर्ज मिळालें. आमच्या आठवणींत तरी वाटाण्याच्या तारणावर कर्ज मिळाल्याचें दुसरें उदाहरण नाहीं.

येथें थोडें विषयांतर करून घरांतील उपकरणांकडे वळावें लागतें. आमच्या लहानपणीं स्वयंपाकघरांत रॉकेलचा पितळी स्टोव्ह असे. त्याचें बारीक छिद्र काजळीनें बुजे, मग पिन शोधावी लागे; पंपाचें चामडी वॉशर सुकलें कीं त्यास खोबरेल लावावें लागे. शिवणयंत्रास तेल कोठें घालावयाचें हें घरांतील मुलांसहि ठाऊक असे. त्या काळाविषयीं गळा काढण्याचा आमचा हेतु नाहीं. त्या स्टोव्हनें कित्येक घरांत भयंकर अपघातहि केले आहेत, आणि गॅसची शेगडी आली हें फार उत्तम झालें. सांगावयाचें एवढेंच कीं, तें यंत्र आपलें अंतरंग घरच्यांपासून लपवीत नसे. प्रेशर कुकरमध्यें वाफेचा दाब वाढला म्हणजे पाणी 100 अंशांऐवजीं 120 अंशांच्या आसपास उकळतें आणि म्हणून डाळ लवकर शिजते, हें शिटीचा आवाज ऐकतां ऐकतां समजून घेतां येतें. हातांतील मोबाइलचें तसें नाहीं. त्याचें पोट डिंकानें चिकटवून बंद केलेलें असतें, आणि आपणहि तें उघडण्याची इच्छा सोडून दिलेली असते. आमच्या वर्गांतील हुशार विद्यार्थी त्यावर जगांतील वाटेल तो चित्रपट पाहतात. परंतु चित्र हालतें कसें हा फाळक्यांचा प्रश्न त्यांतील फार थोड्यांस पडतो. दोष मुलांचा नव्हे. जें यंत्र अडत नाहीं, तें प्रश्नहि पाडीत नाहीं.

मोकाशींच्या चित्रपटाचा मोठा गुण असा कीं, तो हा प्रश्न जिवंत ठेवतो. त्यांतील फाळके पडद्याकडे पाहण्याऐवजीं मागें वळून प्रकाशाच्या झोताकडे पाहणाऱ्या जातीचे आहेत. नंदू माधव यांनीं ही भूमिका थोर पुरुषाच्या आविर्भावानें केली असती तर सर्व फसलें असतें. त्यांनीं ती नवें खेळणें हातीं आलेल्या मुलाच्या डोळ्यांनीं केली आहे, आणि तें फार योग्य झालें आहे. चरित्रनायकास पहिल्या दृश्यापासूनच पुतळा करून उभा करण्याची जी खोड आपल्याकडील चरित्रपटांस जडली आहे, तिचा येथें मागमूसहि नाहीं. स्त्रीपार्टी नटांच्या मिशा उतरविण्याचा प्रसंग घ्या. बाप जिवंत असतां मिशी काढावी कशी, ही त्या काळची अडचण अगदीं खरी होती, आणि ती विनोदानें मांडली तरी तींतून त्या समाजाचें चित्र उभें राहतें. चित्रपटाचें नांवहि अशाच एका अडचणींतून आलें आहे: सिनेमांत काम करतों असें सांगणें लाजिरवाणें, म्हणून नटांनीं आपण हरिश्चंद्राच्या फॅक्टरींत नोकरीस आहों असें सांगावें, ही फाळक्यांची तोड. नाट्यगृहांतून आलेल्या दिग्दर्शकास शोभेल अशी त्यांतील दृश्यांची मांडणी काहींशी रंगमंचावरील प्रवेशासारखी आहे. कांहीं समीक्षकांस तें खटकेल, आम्हांस विषयाला धरून वाटलें.

परंतु ह्या हंसऱ्या मांडणीची एक किंमत आहे, आणि ती कोणीं मोजली हें पाहिलें पाहिजे. घरांतील सामान विकलें जातें, शेजारी कुजबुजतात, डोळे जाऊं पाहतात, आणि हें सर्व एकाच खेळकर लयींत पुढें सरकतें. विनोद करूं नये असें आमचें म्हणणें नाहीं; संकटांत हंसणारीं माणसें असतात आणि फाळके त्यांपैकीं असतीलहि. पण सरस्वतीबाईंचें काय? विभावरी देशपांडे यांनीं त्यांचें काम गोड केलें आहे. नवऱ्याच्या प्रत्येक खुळास त्यांची हंसतमुखानें साथ आहे. आमच्याबरोबर चित्रपट पाहणाऱ्या आमच्या कुटुंबानें मध्यंतरांत एवढेंच विचारलें: "ही बाई थकत कशी नाहीं हो?" आम्हीं आजवर वाचलेल्या परीक्षणांत हा प्रश्न कोठें आढळला नाहीं.

सरस्वतीबाईंनीं दागिने दिले, ही गोष्ट सर्व सांगतात. दागिने देणारी पत्नी आपल्या कथापुराणांत नवी नाहीं, आणि म्हणूनच ती गोष्ट आपल्या चटकन् पचनीं पडते. त्यांनीं जें काम केलें तें सांगावयास मात्र जीभ जड होते, कारण त्यास पुराणांत आधार नाहीं. सबंध मंडळींचा स्वयंपाक त्यांच्याकडे होता. उन्हांत पांढरी चादर धरून नटांच्या तोंडावर उजेड पाडण्याचें काम त्यांनीं केलें. रसायनें मिसळणें, फीत धुणें हेंहि केलें. आणि त्याहून महत्त्वाचें म्हणजे, कोऱ्या फितीस छिद्रें पाडण्याचें काम त्यांच्याकडे होतें.

हें काम काय होतें तें नीट समजून घेण्यासारखें आहे. कॅमेऱ्यांतून फीत सरळ धांवत नाहीं. ती एक चित्र घेण्यापुरती थांबते, मग पुढें सरकते, पुनः थांबते. तिला पुढें ओढणारा आंकडा तिच्या कडेच्या छिद्रांत अडकतो. छिद्र केसभर चुकलें तर पडद्यावर राजा हरिश्चंद्र थरथरूं लागावयाचा. फाळक्यांकडे येणाऱ्या कोऱ्या फितीस हीं छिद्रें नसत. तीं घरीं पाडावीं लागत, आणि उजेड लागला तर फीत फुकट, म्हणून अंधारांत पाडावीं लागत. प्रत्येक चित्रास एका कडेस 4 व दुसऱ्या कडेस 4 अशीं 8 छिद्रें. दिवसभर चुलीपाशीं व उन्हांत राबून रात्रीं अंधाऱ्या खोलींत बोटांच्या अंदाजानें फीत सरकवीत बसणें, ही त्या बाईंची चित्रपटकला होय. चित्रपट बनतो कसा हा प्रश्न फाळक्यांनीं सोडविला खरा. परंतु त्याच्या उत्तराचा बराचसा भाग सरस्वतीबाईंच्या बोटांत होता.

आणि येथेंच घरांतील यंत्रांचा विषय पुनः येतो. नवें यंत्र घरांत येतें तेव्हां काम वांचलें असें आपण म्हणतों. वांचतें तें एक काम. त्याच्या अलीकडचें आणि पलीकडचें काम शिल्लकच असतें. कपडे धुण्याचें यंत्र कपडे धुतें, पण ते गोळा करणें, निराळे काढणें, वाळत घालणें, घड्या करणें हें यंत्र करीत नाहीं. मिक्सर चटणी वाटतो; खोबरें खवणें व भांडें विसळणें कोणाकडे राहतें हें सुशिक्षित घरांतून निराळें सांगावयास नको. यंत्र विकत आणणारा त्याच्या आवाजावर खूष असतो. तो बाजूस बसून स्फूर्तिदायक पुस्तकहि वाचीत असतो. कधीं कधीं, पुस्तकांतील उतारा आंतल्या माणसास ऐकूं जावा म्हणून तो मिक्सर थांबवावयास सांगतो.

फाळक्यांस ह्या दोषाचे धनी करणें अन्यायाचें होईल. ज्या काळीं बाईनें नवऱ्याबरोबर उघडपणें धंद्यांत हात घालणें नवलाचें होतें, त्या काळीं त्यांनीं पत्नीस यंत्र शिकविलें, आणि तें आपल्या विद्येचें गुपित न मानतां शिकविलें. यंत्राचें अंतरंग दाखविण्याची त्यांस मुळांतच हौस होती. 1917 सालीं त्यांनीं चित्रपट कसा तयार होतो हें दाखविणारा एक लघुपट काढला. त्याचे अवशेष आजहि पाहावयास मिळतात, आणि त्यांत दिग्दर्शन करणारे, फीत उजेडांत धरून न्याहाळणारे फाळके दिसतात. जादुगारानें स्वतः होऊन आपली पोतडी उलटी करून दाखवावी तसा हा प्रकार आहे. मोकाशींनीं आपल्या नायकास जादूचा नाद फार मार्मिकपणें जोडून ठेवला आहे, आणि ह्या लघुपटाच्या प्रकाशांत तर त्याचा अर्थ अधिकच खुलतो. म्हणूनच दिग्दर्शकाकडून आमची अपेक्षा वाढते. ज्यानें फाळक्यांच्या हातांतील हँडलची गति इतक्या आवडीनें टिपली, त्यानें त्या अंधाऱ्या खोलींत आणखी थोडा वेळ थांबावयास हवें होतें. पांच मिनिटें पुरलीं असतीं. विनोदास त्यानें बाध आला नसता; उलट त्या हंसण्याला वजन आलें असतें.

'राजा हरिश्चंद्र' 3 मे 1913 रोजीं गिरगांवांतील कॉरोनेशन चित्रगृहांत लोकांसमोर आला. पुढें सुरतेस त्याला प्रेक्षक मिळेनात. सहा सहा तासांच्या नाटकांस सरावलेल्या लोकांस एवढासा खेळ महाग वाटूं लागला. तेव्हां फाळक्यांनीं जाहिरात बदलली: 57,000 छायाचित्रें, दोन मैल लांबीचा खेळ, आणि हें सर्व केवळ तीन आण्यांत. दोन मैल ही उघड अतिशयोक्ति होती. चित्रपटाची लांबी 3,700 फूट, म्हणजे मैलाहूनहि कमीच होती. छायाचित्रांचा आंकडा मात्र हिशेबास बराच जुळतो, कारण फितीच्या एका फुटांत 16 चित्रें बसतात. त्या 57,000 चित्रांस दर चित्रीं 8 प्रमाणें 4,56,000 छिद्रें होतात, आणि तींहि केवळ मूळ फितीचीं, प्रतींचीं निराळीं. सुरतेच्या जाहिरातींत हा आंकडा नव्हता.