सुभाष गुप्ते यांची कारकीर्द : एक पुनर्विचार

कलावंताच्या कर्तृत्वाचे मूल्यमापन त्याच्या कृतीवरून करावे, हे तत्त्व आपल्याकडे सर्वांना मान्य असते. पाळले मात्र क्वचितच जाते. एखाद्याच्या आयुष्याचा शेवट चटका लावणारा असला की आपली लेखणी त्या शेवटापाशीच घुटमळू लागते, आणि ज्या कर्तृत्वामुळे तो शेवट चटका लावतो ते कर्तृत्वच नजरेआड होते. क्रिकेटविषयीच्या मराठी लेखनात या दोषाचे ठळक उदाहरण कोणते, असे कुणी विचारल्यास आम्ही सुभाष गुप्ते यांचे नाव घेऊ.

या नावाचा आणि आम्ही राहतो त्या प्रदेशाचाही संबंध आहे. झोटवाड्यातील आमच्या जुन्या शेजाऱ्यांपाशी राजस्थानच्या रणजी संघाचा विषय काढला की सलीम दुराणी यांचे नाव प्रथम निघते, आणि ते योग्यच आहे. परंतु १९६० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत याच संघातून विजय मांजरेकर खेळले आणि सुभाष गुप्तेही खेळले, याचे स्मरण येथील मराठी मंडळींनाही फारसे उरलेले नाही. त्या काळी मेवाडचे महाराणा भगवतसिंह यांचा या संघाला आश्रय होता आणि परप्रांतांतील नामांकित खेळाडू येथे बोलावले जात. १९६०-६१ ते १९७३-७४ या अवधीत राजस्थानने आठ वेळा अंतिम फेरी गाठली आणि आठही वेळा पराभव पत्करला. त्यांपैकी सात वेळा तो मुंबईकडून. पोटापाण्यासाठी घर सोडून परक्या मुलखाच्या नावाने राबणे हे आपणा बदलीवाल्यांस नवे नाही. मुंबईत जन्मलेले गुप्ते मुंबईकडून खेळले, बंगालकडून खेळले, राजस्थानकडून खेळले आणि अखेरीस त्रिनिदादचे झाले.

त्यांच्याविषयी सांगितली जाणारी कथा थोडक्यात अशी : १९६१ च्या डिसेंबरात इंग्लंडविरुद्धच्या दिल्ली कसोटीच्या वेळी संघ इम्पीरियल हॉटेलात उतरला होता. गुप्ते यांच्या खोलीतील सोबती कृपालसिंग यांनी हॉटेलच्या स्वागतिकेस दूरध्वनी करून भेटीविषयी विचारले. तिने तक्रार केली. खोली दोघांची, म्हणून दोघेही निलंबित झाले. गुप्ते पुन्हा कसोटी खेळले नाहीत आणि पुढे आपल्या पत्नीच्या देशात, त्रिनिदादला, कायमचे निघून गेले. एका दूरध्वनीने एक थोर गोलंदाज संपविला, हे या कथेचे तात्पर्य म्हणून सांगितले जाते. कथा खोटी नाही. पण ती इतकी आटोपशीर आहे की ती सांगून झाल्यावर गुप्ते गोलंदाजी कशी करीत, हे विचारण्याची गरजच कुणाला वाटत नाही. आमचा आक्षेप येथे आहे.

प्रथम आकडे पाहू. ३६ कसोटी, १४९ बळी, सरासरी २९.५५. हे आकडे आजच्या वाचकास मामुली वाटण्याचा संभव आहे; म्हणून त्यांच्याशेजारी आणखी दोन आकडे ठेवतो. भागवत चंद्रशेखर : ५८ कसोटी, २४२ बळी, सरासरी २९.७४. अनिल कुंबळे : १३२ कसोटी, ६१९ बळी, सरासरी २९.६५. भारताने निर्माण केलेल्या तीन श्रेष्ठ लेगस्पिनरांच्या सरासरीत पाव धावेचेही अंतर नाही. यांपैकी दोघांची नावे घरोघरी ठाऊक आहेत; तिसऱ्याचे नाव हॉटेलच्या हकिकतीपुरते उरले आहे.

आकड्यांच्या आत शिरल्यावर चित्र अधिक स्पष्ट होते. १४९ पैकी ४९ बळी वेस्ट इंडीजचे आहेत : १९५३ च्या दौऱ्यात २७ आणि १९५८-५९ च्या मालिकेत २२. पहिल्या दौऱ्यात समोर वॉरेल, वीक्स आणि वॉल्कॉट हे तिघे होते; वीक्स यांनी एकट्याने त्या मालिकेत ७१६ धावा केल्या. अशा फलंदाजीपुढे, त्यांच्याच मैदानांवर, पाच सामन्यांत २७ बळी घेणे हे काम केवळ चेंडू वळविण्याने होत नाही. गुप्ते चेंडूस उंची देत आणि फलंदाजास पुढे येण्याचा मोह घालीत. लेगब्रेक आणि गुगली यांतला फरक हातावरून ओळखणे त्यांच्या बाबतीत फार कठीण होते. त्यांच्या गुगलीचेही दोन प्रकार होते, असे त्यांच्याबरोबर खेळलेल्यांनी सांगितले आहे. गारफिल्ड सोबर्स यांनी आपण पाहिलेला सर्वश्रेष्ठ लेगस्पिनर म्हणून गुप्ते यांचेच नाव घेतले, आणि शेन वॉर्न यांचा उदय झाल्यावरही ते मत बदलले नाही. दयाबुद्धीने दिलेले हे प्रमाणपत्र नव्हे. ज्याने समोर उभे राहून ते चेंडू खेळले त्याचा तो अभिप्राय आहे.

१९५८ च्या डिसेंबरातील कानपूर कसोटी ही या कारकिर्दीची परीक्षा म्हणून पाहण्यासारखी आहे. वेस्ट इंडीजचा पहिला डाव २२२ धावांत आटोपला. गुप्ते यांनी १०२ धावांत नऊ बळी घेतले. दहावा बळी वसंत रांजणे यांचा. भारतानेही बरोबर २२२ धावा केल्या. दुसऱ्या डावात सोबर्स यांनी १९८ धावा काढल्या आणि भारत २०३ धावांनी हरला. म्हणजे एका गोलंदाजाने आपले काम जवळजवळ संपूर्ण केले आणि तरीही सामना गेला. संघ दुबळा असला की श्रेष्ठ गोलंदाजाच्या वाट्यास हेच येते.

लेगस्पिन ही जात्याच खर्चाची कला आहे. या गोलंदाजास धावा देऊन बळी विकत घ्यावे लागतात. फलंदाजास मारू दिल्याविना त्याची चूक घडवून आणता येत नाही. अशा वेळी झेल सुटला तर धावांचा खर्च झालेला असतो आणि मोबदला मात्र हाती येत नाही. त्या काळच्या भारतीय संघाचे क्षेत्ररक्षण कसे होते हे सर्वश्रुत आहे. परंतु धावफलकावर सुटलेल्या झेलांसाठी रकाना नसतो. गोलंदाजाच्या नावापुढे दिलेल्या धावा तेवढ्या कायम राहतात. अमेरिकेतील फुटबॉलमध्ये क्वार्टरबॅक नावाचा खेळाडू असतो. चेंडू कुणाकडे फेकावयाचा हे क्षणार्धात ठरविणे हे त्याचे काम. फेकलेला चेंडू सोबत्याच्या हातून उडून प्रतिपक्षाने झेलला तरी तो दोष क्वार्टरबॅकच्या खात्यावर चढतो. तेथील अभ्यासकांनी मात्र सोबत्यांच्या हातून सुटलेल्या चेंडूंची वेगळी मोजदाद ठेवण्याची पद्धत पाडली, आणि त्यामुळे त्या खेळाडूच्या कारकिर्दीचा विचार अधिक न्याय्य झाला. गुप्ते यांच्या बाबतीत अशी मोजदाद कुणी ठेवली नाही. २९.५५ ही सरासरी वाचताना ही उणीव ध्यानी घ्यावी लागते.

आता विरुद्ध बाजू. ती टाळून केलेली प्रशंसा ही टीका नव्हे. १९५५-५६ मध्ये न्यूझीलंडविरुद्ध गुप्ते यांनी ३४ बळी घेतले. तो संघ दुबळा होता आणि एकूण बळींपैकी जवळजवळ चौथा हिस्सा तेथून आला आहे. १९५८-५९ चे २२ बळी महागात पडले, आणि त्यांतले नऊ एकाच डावातले होते. १९६१ अखेर त्यांचे वय बत्तीस होते. शिवाय त्यांना वगळल्याने संघाचे अडले, असेही म्हणता येत नाही : कलकत्ता व मद्रास येथील पुढच्या दोन कसोटींत दुराणी यांनी मिळून अठरा बळी घेतले, दोन्ही सामने भारताने जिंकले आणि इंग्लंडविरुद्धची मालिका प्रथमच आपल्या हाती आली. विजयाच्या त्या आनंदात एका अनुपस्थित गोलंदाजाची आठवण कुणास होणार?

हे सर्व मान्य करूनही एक गोष्ट उरते. दिल्लीपूर्वीचीच कसोटी कानपूरला झाली. तीत गुप्ते यांनी ९० धावांत पाच बळी घेतले आणि भारताविरुद्ध फॉलोऑन घेण्याची पाळी इंग्लंडवर प्रथमच आली. पुढे इंग्लंडने सावरून सामना अनिर्णित राखला, ही गोष्ट वेगळी. उतरती कळा लागलेला गोलंदाज निवड समितीने वगळला, असे म्हणण्यास त्यामुळे जागा राहत नाही. गुप्ते यांचे संघाबाहेर जाणे हा क्रिकेटचा निर्णय नव्हता.

मग तो कसला निर्णय होता? सरकारी नोकरीत असलेल्या वाचकांस तो चटकन ओळखू येईल. निलंबन ही शिक्षा नव्हे, हे आपल्या नियमांचे पहिले पाठ. चौकशी निर्वेध व्हावी म्हणून कर्मचाऱ्यास तात्पुरते दूर ठेवावयाचे, निर्वाहभत्ता द्यावयाचा, ठरावीक मुदतीत फेरविचार करावयाचा, आणि दोष सिद्ध झाल्यास दोषाच्या प्रमाणात शिक्षा द्यावयाची. संविधानाच्या अनुच्छेद ३११ ने तर मुलकी सेवेतील माणसास आरोप कळविल्याविना व बाजू मांडण्याची वाजवी संधी दिल्याविना बडतर्फ करता येणार नाही, असे बजावले आहे. कनिष्ठ लिपिकास जे संरक्षण आहे ते देशाच्या श्रेष्ठ गोलंदाजास नव्हते. भारतीय खेळाडूंचे वार्षिक करार या शतकात आले. अमेरिकेतील व्यावसायिक फुटबॉलपटूंनी आपली संघटना १९५६ मध्येच उभी केली होती. आपल्याकडे त्या काळी खेळाडूच्या वतीने शब्द टाकणारे कुणी नव्हते.

यातला विरोधाभास असा की गुप्ते हे पेशाने खेळाडू होते आणि पेशाचा व्यवहार त्यांना चांगला ठाऊक होता. इंग्लंडमध्ये लँकेशायर लीगच्या रिश्टन क्लबकडून ते व्यावसायिक म्हणून खेळले. त्या लीगमध्ये प्रत्येक क्लबास एकच व्यावसायिक खेळाडू ठेवता येई. त्याने सामने जिंकून द्यावयाचे, आणि चांगली कामगिरी झाली की प्रेक्षकांत टोपी फिरवून त्याच्यासाठी वर्गणी गोळा होई. तेथे कामाचा करार होता आणि मोबदल्याचा हिशेब उघड होता. मायदेशी मात्र खेळणे हा मान समजला जाई, आणि दिलेला मान केव्हाही काढून घेता येतो.

दूरध्वनी गुप्ते यांनी केला नव्हता. त्यांचा अपराध शोधावयाचाच तर सोबत्याला अडविले नाही एवढाच सापडतो. कृपालसिंग यांचे निलंबन यथाकाल संपले आणि ते १९६४ पर्यंत पुन्हा कसोटी सामने खेळले. हे लिहिण्यात त्यांच्यावर ठपका ठेवण्याचा हेतू नाही. शिक्षा भोगून परत येणे हा त्यांचा हक्कच होता. प्रश्न एवढाच की तो हक्क ज्याच्याविरुद्ध आरोपच दुबळा होता त्यास का मिळू नये? आणि त्या स्वागतिकेचे काय? कथा सांगणारे बहुतेक जण तिला क्षुल्लक कारणाने काहूर माजविणारी म्हणून रंगवितात. आम्हांस हे मान्य नाही. कामावर असलेल्या स्त्रीने तक्रार केली, तर ती नीट तपासली जाणे हा तिचा अधिकार होता. ज्याने दूरध्वनी केला आणि ज्याने केला नाही, त्या दोघांना एकाच मापाने मोजून तिच्या तक्रारीचाही मान राखला गेला नाही. धड चौकशी न करणारा अधिकारी दोन्ही पक्षांवर अन्याय करतो, हे आपल्यापैकी ज्यांनी अशी प्रकरणे हाताळली असतील त्यांस पटवून सांगावयास नको.

म्हणून या कारकिर्दीस 'शोकांतिका' म्हणण्यास आमचा विरोध आहे. शोकांतिकेत दोष नियतीचा असतो आणि माणसे निर्दोष सुटतात. येथे नियतीचा संबंध नाही. येथे एक निर्णय आहे, आणि तो घेणारी माणसे होती. शिवाय गुप्ते यांचे आयुष्य दिल्लीत संपले नाही. ते त्रिनिदादकडून खेळले, तेथे नोकरी केली, संसार केला, आणि ३१ मे २००२ रोजी पोर्ट ऑफ स्पेन येथे वयाच्या बहात्तराव्या वर्षी निवर्तले. तत्पूर्वी २००० मध्ये भारतीय क्रिकेट मंडळाने त्यांना कर्नल सी. के. नायडू यांच्या नावाचा जीवनगौरव पुरस्कार दिला. पुरस्कार उचितच होता. परंतु सन्मान म्हणजे निवाडा नव्हे. चुकीच्या आदेशावर शाल पांघरल्याने तो आदेश रद्द होत नाही.

योगायोग असा की गुप्ते आणि मांजरेकर यांचे कसोटी पदार्पण एकाच सामन्यात, १९५१ अखेरच्या कलकत्ता कसोटीत झाले. आणि गुप्ते यांच्या अखेरच्या दिल्ली कसोटीत मांजरेकरांनी नाबाद १८९ ही आपली सर्वोच्च कसोटी धावसंख्या उभारली. मांजरेकरांविषयी लिहिताना आपण त्यांच्या फलंदाजीविषयी लिहितो. गुप्ते यांनाही तेवढेच हवे होते, आणि तेवढेच त्यांना मिळाले नाही.

दरवर्षी आपण हाताखालच्या माणसांच्या कामाचे अहवाल लिहितो आणि वरचे आपले लिहितात. अहवालात वर्षभराचे काम यावे, एखाद्या दिवसाची कुजबूज येऊ नये, अशी आपली रास्त अपेक्षा असते. टीकाकाराचे कर्तव्य याहून निराळे नाही. सुभाष गुप्ते यांच्या नावापुढे प्रथम १४९ बळी लिहावे, कानपूरचे नऊ लिहावे, वीक्स आणि वॉरेल यांच्या देशात मिळविलेले सत्तावीस लिहावे. हॉटेलची हकिकत त्यानंतर यावी, आणि तीही मंडळाच्या कारभाराच्या प्रकरणात. गोलंदाजाच्या चरित्रात तिला याहून मोठी जागा नाही.